आधी मेंढरं, मग झेंडा

माण तालुक्यातल्या त्या वाडीत पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाआधी शाळेच्या पटांगणातून मेंढरं जातात. लग्न होऊन आल्यापासून हा मान शालूबाईंचा. नवरा गेला त्या वर्षीही त्यांनी तो चुकवला नव्हता. आता ऐंशी पार केली, तरी कळप घेऊन त्याच पुढे.

यंदा फाटकाला कुलूप होतं. आत नवे पेव्हर ब्लॉक, आणि नवे हेडमास्तर.

"आजी, पाहुणे यायचेत. घाण होईल हो."

शालूबाई तापल्या. "गुरुजी, हितं गोऱ्या सायबाचं कुरण व्हतं. मेंढरामागं चराईचा कर. दुष्काळातबी सोडला न्हाई. आमचं मामंजी नाथाजी अर्ज घिऊन गेलं, कर जरा कमी करा म्हनून. सायबानं अर्ज फाडला, त्येंची मेंढरं कोंडवाड्यात घातली, कुरणाला कुलूप ठोकलं. तवा मामंजी म्हनलं, आता कमीजास्त मागायचं न्हाई. रान आपलं, गवत आपलं, मग ह्यो सायेबच हितं कशाला? दुसऱ्या दिशी अख्ख्या वाडीनं कुंपण मोडून मेंढरं आत सोडली. मामंजी दीड वरीस तुरुंगात व्हतं."

त्यांनी काठी फाटकावर आपटली. "ह्या जागंला पयलं कुलूप त्या सायबानं घातलं. दुसरं तुमी!"

हेडमास्तरांनी खिशातली किल्ली काढली आणि फाटक उघडलं.

पाहुण्यांची गाडी आली, पण शेवटचं कोकरू आत जाईपर्यंत ती फाटकाबाहेरच थांबली. मग झेंडा वर गेला, आणि लेंड्यांच्या सड्यात अनवाणी उभ्या शालूबाईंनी खणखणीत सलाम ठोकला.