मेधाच्या बाटल्या पास झाल्या

मेधाचा ग्राफ आमच्या लॅबचे प्रमुख मूर्ती सर यांच्या टेबलावर होता आणि तो साठ टक्क्यांच्या वर गेला होता. त्याच रसायनाचा माझा ग्राफ वीस टक्क्यांच्या आसपास लोळत पडला होता.

"सुमनक्का, स्वल्प बघा. तुमच्या बाटल्यांत काय बिघडलं?" सर कन्नडमध्ये म्हणाले. आवाज मऊ होता. तोच मला जास्त लागला.

रसायन होतं एक वेटिंग एजंट. कापडात पाणी लवकर मुरावं म्हणून गिरण्या ते वापरतात. बनवणारी कंपनी होसकोट्याची. ते 'रेडीली बायोडिग्रेडेबल' आहे, म्हणजे नदीत गेलं तर जिवाणू ते लवकर खाऊन टाकतात, असा रिपोर्ट त्यांच्या परदेशी गिऱ्हाइकाला हवा होता. टेस्ट समजायला सोपी आहे. पाणी, रसायन आणि सांडपाण्याच्या प्लांटमधला थोडा स्लज, म्हणजे जिवाणूंनी भरलेला गाळ, बाटलीत बंद करायचा. जिवाणू खातात तसा ऑक्सिजन कमी होतो. चार आठवड्यांत साठ टक्के विघटन झालं की पास.

माझी टेस्ट नापास आली, कंपनीने कुरकुर केली, आणि सरांनी मला न विचारता काम मेधाला दिलं. मेधा पुण्याहून नुकती आलेली पीएचडी. मी लॅब उघडल्यापासूनची. सेक्शन हेडची जागा रिकामी होती आणि दावेदार आम्ही दोघीच. तिचं इंग्रजी, तिचं प्रेझेंटेशन, सरांनी तिला केबिनमध्ये पाजलेली कॉफी, सगळं मला खुपत होतं.

मी क्रमाने तपासलं. इनक्युबेटरचं तापमान ठीक. द्रावण ठीक. जिवाणू जिवंत आहेत ना हे पाहायला एका बाटलीत सोडियम बेन्झोएट घालतात, ते त्यांना सहज पचतं. तेही दोघींचं ठीक. उरला स्लज.

डबा खाताना मी विचारलं, "स्लज कुठून आणलास गं?"

"कंपनीचाच, ताई. आपली जीप गॅरेजमध्ये होती ना? मग त्यांनी सॅम्पलच्या गाडीतून कॅन पाठवला. एकदम ताजा. तुम्ही कुठला घेतला होता?"

"शहराच्या प्लांटचा. नेहमीचा."

भाजीला एकदम चव आली. कंपनीच्या सांडपाण्याच्या प्लांटमधले जिवाणू वर्षानुवर्षं तेच रसायन खात होते. त्यांना ते सवयीचं होतं. या टेस्टला असे सरावलेले जिवाणू चालत नाहीत, कारण नदीतल्या जिवाणूंनी ते कधी पाहिलेलं नसतं.

मी तडक सरांकडे गेले. सरांनी मेधाला बोलावलं.

"चूक माझी," ती म्हणाली. "पुन्हा लावते, सर."

तिने थोडा वाद घालावा, अशी माझी अपेक्षा होती. शहराचा स्लज घालून तिसरी टेस्ट झाली. नापास. माझ्या ग्राफला अगदी खेटून.

कंपनीचे मॅनेजर रिपोर्ट घ्यायला आले तेव्हा मी टेस्टचा नियम नीट समजावला. ते पडेल चेहऱ्याने ऐकत राहिले. मग मेधाने विचारलं, "सर, तुमच्या प्लांटमधून बाहेर पडणारं पाणी कसं आहे?"

"त्याचंच तर टेन्शन आहे, मॅडम. पोल्युशन बोर्डाची नोटीस आलीय."

"मग तुमचे जिवाणू हे रसायन खातात, ते आम्ही पाहिलंय. टाकीत पाणी जास्त वेळ ठेवलं तर फरक पडेल. किती वेळ ते काढून देऊ?"

मॅनेजर खुर्चीत पुढे सरकले. सरांनी आणखी कॉफी मागवली. 'रेडीली बायोडिग्रेडेबल' हे लेबल त्यांना मिळालं नाहीच, पण टाकीचा अभ्यास आमच्याकडे आला. मेधाच्या नावावर. नापास टेस्टमधून लॅबला नवं काम मिळवण्याची युक्ती मला सुचली नव्हती, हे सरांनी माझ्यासमोर बोलून दाखवलं. पुढच्या महिन्यात मेधा सेक्शन हेड झाली.

टाकीच्या रिपोर्टवर तपासणारी म्हणून माझी सही आहे. तिचा एकही रिपोर्ट मी त्यानंतर वरवर वाचला नाही. दुसऱ्याचं काम बारकाईने तपासून हवं असेल, तर ते त्याचा हेवा करणाऱ्याकडे द्यावं. नवं काम आणायला मात्र दुसऱ्या कुणाला पाठवावं.