मळी कशाला म्हणतात

आमच्या गल्लीमागं ओढा आहे. शहर त्याला नाला म्हणतं, कारण नाल्यात काहीही टाकलं तरी चालतं. ओढ्याकाठच्या सखल पट्ट्याला आई मळी म्हणते. ओढा फुगला की पाणी मळीत पसरायचं, चार दिवस बसायचं, गाळ ठेवून निघून जायचं. मग तिथं कमरेएवढं गवत. त्या वैरणीवर आईनं म्हशी पाळल्या आणि त्या म्हशींच्या दुधावर मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली.

पुढं कुणीतरी पाडलेल्या इमारतींचा भराव आणून मळीवर ओतला. डंपरवर डंपर. पाण्याला पसरायला जागा उरली नाही, तसं ते आमच्या स्वयंपाकघरात शिरलं. गोठा तर बुडालाच. म्हशी मामाकडं धाडाव्या लागल्या. त्यानंतर महापालिकेनं ओढ्याच्या पुनरुज्जीवनाची योजना आणली, नागरिकांकडून सूचना मागवल्या. मी स्वच्छ अक्षरात एक पान लिहिलं: भराव काढा, ओढ्याची मळी मोकळी करा.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. सदर ओढ्याच्या पाण्यात मळी आढळून आली नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

साखर कारखान्यातून निघते ती काळी मळी शोधत होते हे! माझं डोकंच फिरलं. ओढा जगवायला निघालेल्यांना ओढ्याकाठच्या जमिनीचं नाव ठाऊक नसावं?

आईला घेऊन कार्यालयात गेले. साहेब हसून म्हणाले, ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, 'पूरमैदान' असं लिहा की. मी पेन उघडलं तसा आईनं माझा हात धरला.

"मैदान लिवू नगंस. मैदान म्हटलं की ह्ये मांडव घालत्यात."

कारकून खुदकन हसला. साहेब हसले नाहीत. त्यांच्या पाठीमागं भिंतीवर योजनेचा नकाशा होता. भरावाच्या जागी हिरवा रंग दिला होता आणि आत लिहिलं होतं: खुला रंगमंच, वाहनतळ. आईला वाचता येत नाही. मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल असं.

"व्हय का साहेब?" एवढंच आई म्हणाली.

मी अर्जात पुन्हा मळीच लिहिलं. खाली अर्थ दिला: पुराचं पाणी जिथं बसतं ती जमीन, इथं दुसरं काही बसवू नये. शिक्का मारून घेतल्याशिवाय उठले नाही.

भराव अजून तिथंच आहे. म्हशी मामाकडं आहेत.