हात न लावायचे कॉम्प्युटर

गवतातून चालून आलं की पायजम्याला कुसळं चिकटतात. चालताना कळत नाही. घरी येऊन बसलं की एकेक टोचायला लागतं. शाळेतले किस्सेही तसेच साचतात. मी झरी जामणीकडच्या एका गावात शाळेचा शिपाई. रिटायर झालो, पण दुसरा माणूस आलाच नाही, म्हणून घंटा अजून मीच देतो.

*

शाळेत कॉम्प्युटर आले, मोठा पडदा आला. विज्ञानाचे धडे आता सिनेमासारखे दिसणार म्हणाले. दसऱ्याला हेडसरांनी पूजा केली. कॉम्प्युटरला हळदकुंकू, पडद्याला हार, पुढ्यात नारळ. मग वरून प्लास्टिक घातलं आणि खोलीला कुलूप!

"महागाचा माल आहे, आबाजी. पोट्टे हात लावतीन. साहेब आले की उघडू."

तपासणीला पहिले साहेब आले तेव्हा पोरांनी चपला बाहेर काढल्या आणि रांगेनं हात जोडले. पहिलीतलं एक पोरगं उंबऱ्यावर उड्या मारून वर हात घालत होतं.

"काय करून राह्यला रे?"

"आबाजी, घंटा कुठी हाय?"

*

कॉम्प्युटरचा तास मात्र वेळापत्रकात होता. तो व्हायचा फळ्यावर! हेडसरांनी खडूनं माऊस काढला. "हे डावं बटन. एकेकानं येऊन दाबा." अख्खा वर्ग दाबून गेला. चित्राचा नुसता धुरळा उरला.

"माऊस कोनं पुसला रे?" सर ओरडले.

सातवीतली मंगला उभी राहिली. "सर, दाबून दाबून मेला!"

तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. पोरीचं काय चुकलं, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्या गावात सातवीच्या पुढं वर्ग नाही. पुढची शाळा मुकुटबनला, आणि मंगलाचा बाप म्हणतो, पोरीला एवढ्या दूर धाडत नाही. म्हणजे तिला जे काही पाहायचं ते याच वर्षी. रोज सकाळी विचारायची, "आबाजी, आज उघडता काय?" किल्ली हेडसरांच्या खिशात. मी काय सांगणार!

*

राठोड मॅडम नवीन आहेत, विज्ञान शिकवतात. दगडी कोळशाचा धडा आला तेव्हा म्हणाल्या, "सर, आज तरी खोली उघडा."

"धूळ जाते, मॅडम!"

शेवटी त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर व्हिडिओ लावला. सगळा वर्ग त्या एवढ्याशा काचेवर मधमाश्यांसारखा. खाण कुठली तरी परदेशातली, वरून बर्फ पडतोय.

मंगला म्हणाली, "मॅडम, माहा मामा राजूरच्या खाणीत हाय. तिथं तं आंग भाजते!"

मॅडमना ते पटलं. त्यांनी हेडसरांकडे राजूरच्या सहलीची परवानगी मागितली.

"कायले? व्हिडिओ हाय ना!"

*

लाइट गेली तरी धडा थांबू नये म्हणून खोलीसाठी वेगळी बॅटरी आली. तिच्यावर हेडसरांच्या ऑफिसातला पंखा चालतो. मॅडमनी विचारलं, तर म्हणाले, "त्या मशीन बंदच आहेत, त्या कायले गरम होतीन? मी गरम होऊन राह्यलो, ते दिसत नाही तुम्हाले?"

*

कोणतेही साहेब आले की व्हिडिओ एकच. हृदयाचा. हेडसरांना तेवढाच लावता येतो. एकदा तो चालू असताना लाइट गेली. बॅटरी पंख्याला. साहेब म्हणाले, "असू द्या. पोरांनो, पुढं तोंडी सांगा बरं."

पोरं एका सुरात म्हणाली, "हृदयाला चार कप्पे असतात. आमचा चॅनल सबस्क्राइब करा, बेल आयकॉन दाबा!"

साहेब पोट धरून हसले. मला नाही हसू आलं. एकच धडा पुन्हा पुन्हा दाखवलात, तर पोरं तोच पाठ करणार ना! हुशार आहेत म्हणूनच पाठ झाला.

*

परीक्षेच्या तोंडावर नवे साहेब आले. प्लास्टिक निघालं, हृदय सुरू झालं, संपलं. साहेब चहा घ्यायला लागले, तेवढ्यात राठोड मॅडमनी पुढं होऊन ग्रहताऱ्यांचा धडा लावला. हेडसरांचे डोळे मोठे झाले, पण साहेबांसमोर बोलतात कसे! पडद्यावर शनी आला, भोवती त्याची कडी. मंगला सरकत सरकत एवढी पुढं गेली की तो उजेड तिच्या तोंडावर पडला.

चहा संपला. साहेब उठले आणि हेडसरांनी घाईनं बटण बंद केलं. मंगला धावत जाऊन दारात आडवी उभी राहिली.

"साहेब, उद्या बी येता काय?"

"उद्या दुसरी शाळा आहे, बाळ."

"मंग परवा? तुमी खुर्चीवर नुसते बसा, साहेब. चाय आमी आनतो!"

साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, चष्मा काढून डोळे पुसले आणि हेडसरांना म्हणाले, "पाहा! एवढा जीव लावणारी पोरं मला दुसऱ्या कोणत्याच शाळेत भेटली नाहीत."