आबांच्या गाडीतली काजळी

सकाळची पूजा आटोपली की आबा अंगणात येत, गाडी सुरू करत आणि जागच्या जागी बराच वेळ चालू ठेवत. जायचं कुठेच नसायचं. अंबडला मी त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा न राहवून विचारलं, "आबा, कुठं निघालात?" माझी कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "इंजिन गरम करून राह्यलो. बैलाला चारा, तसं गाडीला हे."

गाडीत बसण्याआधी पाहुण्यांनी चपला झटकायच्या, असा दंडकच होता. राजूरच्या गणपतीला एकदा त्यांच्यासोबत गेलो, तर सोयाबीनचा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. हसू दाबताना माझी पुरेवाट झाली. "जल्दी कुणाला हाय? जपून वापरली तर जिंदगीभर खराब होत न्हाई," आबा म्हणाले.

त्यांच्या सुनेला, स्वातीला, कुंभार पिंपळगावच्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. बसच्या वेळा जुळेनात, म्हणून ती गाडी शिकली आणि आबांचीच गाडी नेऊ लागली. मोकळ्या रस्त्यावर चांगली पळवायची. काही महिन्यांत गाडी झटके देऊ लागली, चढावर दम सोडू लागली. नातवाच्या वाढदिवसाला घर भरलेलं असताना आबा कडाडले, "माझ्या गाडीचं हिनं वाटोळं केलं! बिलकुल कदर न्हाई!" मी तर हातातली ताटली तशीच धरून उभा राहिलो. स्वातीने किल्ली टेबलावर ठेवली. पुढच्या आठवड्यात नोकरीही सोडली. "झेपत नाही," एवढंच म्हणाली. खरं कारण सगळ्यांना कळलं, आबा सोडून.

गाडी मात्र सुधारली नाही. शेवटी आबांनी ती जालन्याच्या गॅरेजात नेली. मी सोबत होतो. दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून स्वातीही आली होती. मेकॅनिकने इंजिनाचा वरचा भाग खोलून आत बॅटरी मारली आणि मी हादरलोच. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला धरते तशी जाड, काळीकुट्ट काजळी हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवर बसली होती.

"हिच्यात पेट्रोल सीधं सिलेंडरमदी पडतंय," मेकॅनिक म्हणाला. "जुन्या गाड्यांसारखं व्हॉल्व्हला लागतच न्हाई, मंग ते धुतले कसे जातील? इंजिनातल्या तेलाची वाफ जाऊन चिकटती."

"म्हंजे हिनं पळवली म्हणून न्हाई?" आबांचा आवाज बारीक झाला होता.

"पळवल्यानं कुठं होतंय? हे लई वर्षांचं साचलंय. थंडी गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली, जवळच्या जवळ फिरवली, की जास्तच धरतं."

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्या गॅरेजादेखत त्यांनी सुनेपुढे हात जोडले. "पोरी, चुकलो मी. गाडी आजपासून तुझी. उद्यापासून कॉलेजात जा."

"ती जागा भरली, आबा," स्वाती म्हणाली. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिच्या त्या शांत आवाजाने माझ्या अंगावर काटा आला.

काजळी निघाली, गाडी नव्यासारखी झाली. पण त्यानंतर घरी कोणीही आलं की आबा आपणहून सांगायचे, "माझ्या सुनेची नोकरी मी घालवली." पाहुणे एकमेकांकडे बघत. स्वाती म्हणायची, "आबा, बास करा आता." ते ऐकायचे नाहीत. "चारचौघांत बोलल्तो, चारचौघांतच फेडीन."

मागच्या वर्षी आबा गेले. गाडी उत्तम चालते, त्यांचा मुलगा चालवतो. स्वाती अजूनही स्टिअरिंगला हात लावत नाही.