वैष्णवीच्या पोटावर तांब्या धरला नाही

आधीच सांगते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. या सदरातले तुमचे अनुभव मी मधल्या सुट्टीत डबा खाताना वाचते, करमणूक म्हणून. तीच पांढरी साडी, तेच पैंजण, तोच लिफ्ट मागणारा म्हातारा... अरे, भुतांना दुसरे कपडे मिळत नाहीत का? आष्टीच्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवते. देवऋषी, अंगात येणं, लिंबू-मिरची — या सगळ्यासाठी माझ्याकडे एकच शब्द आहे आणि तो इथे छापणार नाहीत. तरी लिहायला बसले, कारण माझ्याच विषयातला एक साधा प्रयोग माझ्या डोळ्यांसमोर फसला, आणि का फसला ते मला आजही सांगता येत नाही.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला रविवार. कडा या गावी दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे गेले होते. त्याची मुलगी वैष्णवी सोळा वर्षांची, दहावीला. सकाळी आठच्या सुमाराला पोहे खाता खाता ती एकदम वाकली. डाव्या बाजूला ओटीपोटात दुखतंय म्हणाली. मग उलटी. मग पंधरा मिनिटं बरं, की परत कळ.

"आत्या, आतून कुणीतरी पिळतंय गं," असं ती म्हणाली.

यावर विज्ञानाच्या बाईंनी काय निदान केलं असेल? अ‍ॅसिडिटी. वर परीक्षेचं टेन्शन. पर्समधली गोळी दिली आणि पेपर जवळ आले की पोट दुखणाऱ्या पोरी मी ढिगानं पाहिल्यात, हेही ऐकवलं. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दहा वाजले तरी कळ थांबेना. वहिनी दबक्या आवाजात म्हणाली, नगरला बायकांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू या का? आमचा जिल्हा बीड, पण दुखलं-खुपलं की गाडी नगरकडेच वळते. दादा उखडलाच. लग्न न झालेली पोर बायकांच्या दवाखान्यात न्यायची? वर सोनोग्राफी? गावात कळायला वेळ लागत नाही म्हणे, उद्या सोयरीक कोण करणार. काय अक्कल आहे बघा. आमच्या तालुक्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची पिशवी काढून टाकायला कुणी दोनदा विचार करत नाही, पण पोरीचं पोट नुसतं तपासायचं म्हटलं की यांची अब्रू आडवी येते. हे सगळं मी मनात म्हणाले बरं का. तोंडानं काय म्हणाले? "बघू थोडा वेळ." लोक मलाही दिसत होतेच. तेव्हा दादाला नावं ठेवायचा मला तसा काही अधिकार नाही.

मग मधला मार्ग निघाला — मुमताज खाला. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे राहणारी, सत्तरी ओलांडलेली बाई. कुणाचं पोट दुखलं की गाव म्हणतं "बेंबी सरकली", आणि बेंबी जागेवर बसवायला सगळ्या जातीधर्माची माणसं खालाकडे जातात. तिची पद्धत अशी : पोटावर कणकेचा छोटा दिवा ठेवायचा, वात पेटवायची, वरून तांब्या पालथा घालायचा. वात विझते, तांब्या पोटाला घट्ट चिकटतो, थोड्या वेळानं ओढून काढला की झालं काम. यात चमत्कार शून्य. तापलेली हवा बाहेर निसटते, उरलेली थंड होते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा तांब्याला दाबून धरते. सातवीच्या पोरांना मी हेच मेणबत्ती आणि ग्लास घेऊन शिकवते. त्यामुळे खालाकडे मी गेले ती नुसतं तोंड वाकडं करायला.

साडेअकरा वाजले होते. दादा बाहेर बसला, आत आम्ही बायकाच. खालानं दिवा ठेवला, वात पेटवली, तांब्या घातला. वात विझली. तिनं हात काढला आणि तांब्या घसरून सतरंजीवर पडला.

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, कड नीट टेकली नसेल. दुसऱ्यांदा लावला — पडला. घाम असेल म्हणून टॉवेलनं पोट कोरडं केलं, वात मोठी घेतली. पडला. दुखण्यानं पोट ताठ झालं असेल... म्हणून पोरीला पालथं झोपवून पाठीला लावून बघितला. तिथूनही घरंगळला. मग तांब्याच्याच कडेला पोचा असणार, म्हणून मी बोट फिरवून बघितलं. कड गुळगुळीत होती. आता माझं डोकं फिरलं. वहिनीला लावा म्हटलं. वहिनीच्या पोटावर गपकन बसला. मग मी स्वतः पदर बाजूला करून आडवी झाले. तोच दिवा, तशीच वात. असा बसला की काढताना कातडी ओढली गेली, लाल वण दोन दिवस होता. लगेच परत वैष्णवीला लावला. वात विझली, आणि तांब्या अलगद सुटला, नुसता ठेवल्यासारखा.

खालानं तो बाजूला सरकवला. तिच्या चेहऱ्यावर काही नाटक नव्हतं.

"जिथं तांब्या धरत न्हाई तिथं हात लावायचा न्हाई, हे माझ्या सासूचं सांगणं हाय," ती म्हणाली. "हे माझं काम न्हाई. पोरीला मोठ्या दवाखान्यात न्या. आता कशाला थांबलात?"

आणि गंमत बघा. बायको सांगत होती तोवर दादाची अब्रू मध्ये होती. तांब्यानं सांगितल्यावर पाच मिनिटांत गाडी दारात. अशा लोकांत मी राहते.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी आम्हाला बाहेर काढलं. पोरीशी एकटीशी बोलल्या, पाळीचं विचारलं, लघवीची तपासणी केली. दादा बाहेर लालबुंद. त्या तपासणीत त्याला जी भीती होती तसलं काही नव्हतं. सोनोग्राफीत निघालं की डाव्या अंडाशयावर गाठ होती, तिच्या वजनानं अंडाशयाला पीळ पडला होता आणि रक्त पोहोचणं बंद होत आलं होतं. तीनच्या सुमाराला दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. काळंनिळं पडलेलं अंडाशय पीळ सोडल्यावर हळूहळू रंगावर आलं. गाठ काढली, अंडाशय राहिलं. ते ऐकून मी जिन्यात बसून रडले, तेही लिहून टाकते.

"पोरीचं पोट अचानक दुखलं की घरच्यांना दोनच गोष्टी सुचतात," बाई नंतर म्हणाल्या. "अपेंडिक्स नाहीतर लफडं. गाठ फुटते, पीळ पडतो, एखादीचं पाळीचं रक्त आतच साठत राहतं... हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. आणखी दोन-तीन तास घालवले असते तर काढूनच टाकावं लागलं असतं."

दादा स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मी बाईंना तांब्याचं सांगितलं. मी तुम्हा वाचकांकडे जसं बघते ना, अगदी तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी खालाकडून तोच तांब्या मागून आणला. वैष्णवी तयार होतीच. दहा वेळा लावला. दहाही वेळा पहिल्या झटक्यात बसला. पाठीवर, पोटावर, घाम पुसून, न पुसता. खालाला विचारलं तर म्हणते, "धरला तर माझं, न्हाई धरला तर डाक्टरचं. मला एवढंच म्हाईत." मी पुस्तकं पालथी घातली, भौतिकशास्त्रवाल्यांना विचारलं. त्यांनी सुचवलेलं सगळं मी त्या दिवशी करून बघितलं होतं. उत्तर नाही ते नाहीच.

आता तुमच्यातले निम्मे त्या तांब्याला हळदकुंकू वाहायला निघतील, म्हणून सांगते... पोरीचं पोट दुखलं तर तिला डॉक्टरकडे न्या, सरळ, पहिल्या तासात. तांब्यावर भरवसा ठेवाल तर तुमच्याइतकं मूर्ख कुणी नाही. हे मी का म्हणते ते त्या दिवाळीत कळलं. दहाव्यांदा तांब्या निघाल्यावर वैष्णवी पोटावरचा गोल वण चोळत उठून बसली.

"आत्या, त्या दिवशी पण असाच बसला असता तर?"

हवेच्या दाबाचा नियम मला पाठ आहे. त्या दिवशी तो चालायलाच हवा होता.

"तर मी तुला घरी आणून अभ्यासाला बसवलं असतं," मी म्हणाले.