ताक पिणाऱ्या काकूचा फोटो

माफ करायला शिक, असं आई मला अजून सांगते. मी नाही शिकले आणि मला शिकायचंही नाही.

नववीत असताना डोंबिवलीच्या आमच्या शाळेत शनिवारी फोटोग्राफीचा क्लास असायचा. शिकवायला चित्रकलेचेच सर. पद्धत अशी, की आठवडाभर काढलेले फोटो कार्डासकट सरांना द्यायचे. ते शाळेच्या लॅपटॉपवर घेणार आणि कार्ड कोरं करून परत देणार. आम्हीही येड्यासारखे देत होतो. सरांवर कोण संशय घेणार?

पाडव्याच्या स्वागतयात्रेला मी बाबांचा जुना कॅमेरा घेऊन गेलेले. उन्हाने लेझीमवाल्या बायका पार गळून गेलेल्या. त्यातली एक काकू दुकानाच्या पायरीवर टेकली आणि एका हाताने नथ वर धरून गटागटा ताक प्यायला लागली. हनुवटीवरून ताकाचा ओघळ. मी बटण दाबलं. हा आपल्याला जमला, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

शनिवारी सरांनी तो बघून नाक मुरडलं. "मागे किती गर्दी घेतलीस! काही दम नाही यात." कार्ड कोरं होऊन परत आलं.

पुढे ठाण्याला शाळांचं प्रदर्शन भरलं. आईबरोबर गेले, तर शिक्षकांच्या विभागात माझी काकू! मोठ्ठी फ्रेम, पहिलं बक्षीस आणि खाली सरांचं नाव. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"जाऊ दे गं," आई कुजबुजली. "पुढच्या वर्षी दहावी. सरांशी वाकडं कशाला घेतेस? आणि पुरावा काय आहे तुझ्याकडे?"

पुरावा खरंच नव्हता. बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. बाहेर आले तेव्हा सर माझ्याकडे पाठ करून पाहुण्यांशी बोलत होते. अंगात जांभळा कुर्ता, पाठीवर ही एवढी सोनेरी कोयरी. माझी नजर फ्रेमवर गेली. काकूच्या मागच्या गर्दीत तोच कुर्ता, तीच कोयरी, फेटा काढून काखेत धरलेला आणि डोक्याच्या मागे टक्कल! शाळेच्या पथकाबरोबर सरही आले होते ना यात्रेला. महाशयांनी फोटो ढापला, पण त्यातली स्वतःची पाठ काही ओळखता आली नाही. कधी बघितलीच नसणार.

तेव्हाच बाजूला घेऊन सांगता आलं असतं. छे! मी कोकम सरबत घेतलं आणि चवीचवीने पीत समारंभाची वाट बघितली. इतकं गोड सरबत मी पुन्हा कधी प्यायले नाही.

बक्षीस घेऊन सर माइकवर बोलले. म्हणे, या एका क्षणासाठी ते तासभर ताटकळले. मग परीक्षक बाईंनी कुणाला काही विचारायचंय का म्हटलं, आणि मी हात वर केला.

"सर, फोटो मस्तच आहे. पण त्यात मागे तुम्हीच उभे आहात ना? मग काढला कोणी?"

सर हसले. मग फ्रेमकडे बघितलं आणि हसणं बंद झालं. "अगं, तो... टायमर लावलेला."

बाई चष्मा चढवून फ्रेमपाशी गेल्या. "सर, जरा तिकडे तोंड करून उभे राहता?"

सर वळले. पाठीवरची कोयरी अख्ख्या हॉलला दिसली. आधी कुजबुज, मग एकच हशा. आई सोडून सगळे हसत होते.

"तो मी काढलाय," मी म्हटलं. बाईंनी मला नाव विचारलं आणि फ्रेमखालच्या सरांच्या नावावर काट मारून तिथे पेनाने माझं लिहिलं.

सरांनी मला जिन्यात गाठलं. डोळे लाल झालेले. "मला एकट्याला सांगायचंस ना गं. मी गुपचूप दुरुस्त केलं असतं सगळं. कुणाला कळलंही नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं, सर," मी म्हटलं.