पायाळू आहे, पण बाबांना लाथ मारली नाही

मंडळी, मी पायाळू, जन्मताना पाय आधी आलेली. पायाळूच्या लाथेनं उसण जाते म्हणून सालेकशात लोक कंबर धरून माझ्याकडे येतात.

आज सकाळी बाबाच अंगणात पालथे झोपले. "मार लाथ!"

त्यांच्या मणक्याची गादी सरकली आहे. वैद्यांकडे कटीबस्ती चालू आहे, कंबरेवर कोमट तेल ठेवतात. धक्का अजिबात नको, असं वैद्यांनी बजावलंय.

"साऱ्या गावाले मारते, बापालेच काऊन नाई?"

सवयीनं पाय उचललाही. तेवढ्यात सदऱ्यावरचा तेलाचा डाग दिसला आणि मी मागे सरकले.

बाबा आता रुसून बसलेत. पण मला भीती वेगळीच आहे. आजवर लाथ मारण्याआधी मी किती जणांना विचारलं, तुमची गादी तर सरकली नाही ना?

एकालाही नाही.